कारल्याच्या सालीची बॅट

ज्या वर्षी माझा उजवा हात खांद्याच्या वर जायचा बंद झाला, त्या वर्षी नांदेडच्या आमच्या क्लबात पेढे वाटले गेले. ते पेढे कुणाच्या तरी मुलीच्या बारावीच्या निकालाचे होते असं आता मंडळी सांगतात. सांगू द्या. मी खांद्याची बातमी दिली आणि लगेच माझ्या हातात पेढा आला, एवढं मला पक्कं आठवतं.

लोकांना आनंद होण्यासारखंच होतं ते. माझा स्मॅश ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगू? चेंडू टेबलाला लागून उडाला की तो आणायला गोदावरीच्या पलीकडच्या काठावर माणूस उभा करावा लागायचा. क्लबातल्या प्रत्येकाच्या पोटावर माझ्या चेंडूचा कधी ना कधी शिक्का बसलेला. आता तो हात खांद्याला येऊन थांबत होता. शर्ट घालताना बायकोला हाक मारावी लागत होती.

हाडांच्या डॉक्टरनं हात धरून वर ढकलला, मी ओरडलो, त्यानं मान हलवली आणि टेबल टेनिस विसरा म्हणाला. मी विचारलं, वर जात नाही हे कबूल, पण खाली येतो की नाही? तो म्हणाला, खाली सगळ्यांचाच येतो. तिथंच मी खुर्चीवरून उठलो. वरून खाली येणारा एक फटका या खेळात आहे. त्याला चॉप म्हणतात. टेबलापासून पार मागं सरकायचं आणि समोरच्याचा तुफान चेंडू, विळ्यानं कडबा कापावा तसा खाली कापत परत पाठवायचा. मारायचं काहीच नाही. फक्त परत करायचं, आणि समोरच्याला वेड लागेपर्यंत परत करायचं.

मी पाटबंधारे खात्यातला अभियंता. आजवरची सगळी नोकरी अडवण्यात गेली. पाणी सोडा म्हणून मोर्चे आले, आमदारांचे फोन आले, एकदा एका गावानं माझी जीपच अडवून मला शेतात बसवलं. अडवणं हे कमीपणाचं काम आहे असं मला कुणी शिकवू नये. पाणी सोडणाऱ्याला हार घालतात, अडवणाऱ्याला शिव्या घालतात, आणि मार्च उजाडला की दोघंही त्याच अडवलेल्या पाण्यावर जगतात.

फक्त चॉप मारायचा तर त्याला रबर वेगळं लागतं. साधं रबर गुळगुळीत असतं, चेंडूला धरतं. समोरच्यानं गरगरीत फिरकी देऊन मारलेला चेंडू त्यावर आदळला की छताकडं जातो. लांब दाण्यांचं रबर वेगळं. त्याच्या अंगावर ज्वारीच्या कणसासारखे बारीक, उंच दाणे असतात. खेळणारे त्याला लाँग पिंपल म्हणतात. चेंडू आला की ते दाणे वाकतात, चेंडू घसरतो, आणि त्याची फिरकी मोडत नाही. जी तुम्ही घातली तीच उलटी होऊन तुमच्याकडं परत येते. तुम्ही जितकं जोरात माराल तितका त्रास तुम्हालाच. इतकं न्यायी रबर मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता हे मिळवायचं कुठून? गावातल्या खेळाच्या दुकानात विचारलं तर दुकानदारानं तयार बॅट पुढं केली आणि दाण्यांचंच रबर पाहिजे तर हेच उलटं चिकटवून घ्या, दाणे आतल्या अंगाला असतातच, म्हणाला. म्हणून मोबाईलवरून मागवावं लागलं, आणि तिथं खरी परीक्षा सुरू झाली. कारण लांब दाणे म्हणजे एक प्रकार नसतो. मऊ दाणे, कडक दाणे, दाट, विरळ. खाली जाड स्पंज, पातळ स्पंज, किंवा स्पंजच नाही. जाड स्पंजवर मारता येतं पण चेंडू हातात राहत नाही. पातळ स्पंजवर दोन्ही थोडं थोडं जमतं. बिनस्पंजाचं रबर मात्र थेट लाकडाला चिकटतं. त्यानं मारायचं नावच काढायचं नाही. मोबाईलवर जेवढे जाणकार भेटले त्या सगळ्यांचं एकच मत, नवख्या माणसानं पातळ स्पंज घ्यावा, बिनस्पंजाच्या वाटेला जाऊ नये. मी तिन्ही मागवली.

कुरियर आलं तो ऐन उन्हाळा होता. बायको गच्चीवरून कुरडया वाळत घालून घामाघूम खाली आली तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या उजेडात तिन्ही रबरं ओळीनं मांडून एकेका दाण्यावर अंगठा दाबत बसलो होतो.

"कारलं निवडून राहिलात का?" तिनं विचारलं.

मी तिला समजावून सांगितलं. दाणा दाबला की कसा वाकतो बघ, हा लगेच उठतो, हा जरा विचार करून उठतो. तिनंही अंगठा दाबला आणि बिनस्पंजाचं रबर माझ्याकडं सरकवलं. हे घ्या, म्हणाली, ह्याच्यात लपवायला काही जागाच नाही. का म्हणाली ते तिलाही सांगता आलं नाही. मला मात्र पटलं. थोडं मारायचं आणि थोडं अडवायचं हे आमच्या खात्यातही कधी जमलेलं नाही. अडवायचं तर दारं पूर्ण बंद पाहिजेत.

पुढची गोष्ट फक्त आमच्याच भागातल्या माणसाच्या हातून होऊ शकते. मी मूळचा देगलूरचा. तिथं आम्ही टेबल टेनिस शिकलो ते मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या सिमेंटच्या ओट्यावर, मध्ये विटा मांडून. बॅटचं रबर सुटलं की सायकलच्या दुकानात जायचं आणि पंक्चरचं सोल्युशन बोटभर चोपडून आणायचं. माझ्या पिढीतल्या एकाही खेळाडूनं दुसरं काही वापरलेलं नाही. तोच आमचा डिंक, तेच आमचं अत्तर. मी हौसेनं नवी ट्यूब आणली, लाकडावर ओतली, रबरावर ओतली आणि दोन्ही एकमेकांवर दाबून कौतुकानं बघत बसलो.

स्पंज असता तर त्यानं ते पिऊन घेतलं असतं. इथं स्पंजच नव्हता. बघता बघता रबर हललं. एका कोपऱ्यातून वर उठलं, मग मधोमध फुगलं, आणि तेलात सोडलेल्या पुरीसारखं टम्म झालं. मी एक फुगा दाबला की दुसरीकडं दोन उठायचे. बायको झारा घेऊन दारात उभी राहिली आणि काढू का म्हणाली. शेवटी ते रबर सोलून काढलं तेव्हा त्याचं गुंडाळलेलं पान झालं होतं.

पुन्हा मागवलं. आता कुणीही शहाण्यानं पातळ स्पंजाचं मागवलं असतं, कारण ते तर घरात तयारच पडलं होतं. मी पुन्हा बिनस्पंजाचंच मागवलं. या खेपेला डिंक वेगळा, तोही अगदी पातळ थर, तो पूर्ण वाळेपर्यंत हात लावला नाही, आणि मग बायकोच्या लाटण्यानं एका टोकापासून हलकं लाटत नेलं. ती आंघोळीला गेली होती म्हणून लाटणं मिळालं. बसलं ते असं बसलं की जणू त्या लाकडालाच दाणे फुटले होते. दुसऱ्या, काळ्या बाजूचं जुनं गुळगुळीत रबर तसंच राहू दिलं.

क्लबात बॅट बाहेर काढली त्या संध्याकाळी पहिला मान मिळाला दातांच्या डॉक्टरला. हा आमचा सगळ्यात धडाकेबाज खेळाडू. रोग्याचा दात आणि समोरच्याचा पॉइंट, दोन्ही एका झटक्यात काढणारा. त्यानं तुफान टॉपस्पिन मारला. मी मागं सरकलो. आमच्या हॉलमध्ये टेबलाच्या मागं रमीचा डाव बसतो, तेव्हा मी दोन रमीवाल्यांच्या मधून, एकाच्या पानांवरून हात काढून चॉप मारला. डॉक्टरनं पुन्हा मारला. चेंडू जाळीत. पुन्हा मारला, पुन्हा जाळीत. मग तो चेंडूकडं बघायला लागला, चेंडू फुटला असेल म्हणून.

महिन्याभरात माझ्याशी खेळायला कुणी तयार होईना. कुणी म्हणे हे बायकी रबर आहे, कुणी म्हणे ही चिकटपट्टी आहे, क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या बॅटशेजारी कारल्याचा फोटो टाकला गेला. डॉक्टर त्यातल्या त्यात दिलदार. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की एवढं करूनच राहिलात तर नीट करा, रबर गच्चीवर उन्हात टाका, आपल्या उन्हात दाणे काचेसारखे होतात, मग चेंडू कुठं जाईल ते देवालाही कळायचं नाही.

आमच्या गच्चीवर त्या दिवसांत काय ऊन होतं ते मी बघितलेलं आहे. कुरडया तर वाळल्याच, पण पाण्याच्या टाकीवर बसलेला कावळा उठताना आपली नखं तिथंच सोडून गेला. दोन दुपारींत काम झालं असतं. पण नियम असा आहे की रबर कारखान्यातून जसं येतं तसंच खेळायचं. त्याला ऊन, तेल, रसायन काही दाखवायचं नाही. मी बॅट कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवली. सज्जन आहे म्हणून नव्हे. मला शिव्या तर रोजच मिळणार होत्या, आणि न केलेल्या पापाच्या शिव्या खाताना माणसाची मान जी ताठ राहते, ती मला हवी होती.

दरवर्षी थंडीत नांदेड आणि लातूरच्या क्लबांचा प्रौढांचा सामना होतो. विभागाचं आयुक्तालय कुठं व्हावं यावरून या दोन जिल्ह्यांत जेवढं भांडण झालं नसेल तेवढं या एका टेबलावर होतं. प्रत्येक बाजूचे दोन खेळाडू आणि एक राखीव. निवड क्लबातल्या सामन्यांवर. मी त्यात डॉक्टर सोडून सगळ्यांना हरवलं, म्हणजे डॉक्टर पहिला आणि मी दुसरा, हे उघड होतं.

उघड नव्हतं ते आमच्या सेक्रेटरींना. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. महसुलातून निवृत्त, मूळचे उदगीरचे, शब्द खर्च करायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं की संघात यायचं तर दोन्ही बाजूंनी साधं रबर लावून ये. लातूरवाले हसतील. नांदेडची इज्जत आहे. नाहीतर राखीवला घेतो, तू गुण लिहायला ये.

साध्या रबरानं मी काय खेळणार होतो? हात वर जात नव्हता. म्हणजे अण्णा मला बॅट बदल म्हणत नव्हते, घरी बस म्हणत होते. ठरलेल्या सकाळी बॅग घेऊन जीपमध्ये सगळ्यात आधी जाऊन बसलो. अण्णांनी बॅगेकडं पाहिलं, मी बाहेर पाहिलं.

लातूरचा हॉल भरलेला होता. त्यांचा पहिला खेळाडू म्हणजे तिथल्या एका क्लासचे भौतिकशास्त्राचे सर. सडपातळ, शांत, डोक्यावर एकही केस जागा सोडून नाही. त्यांचा टॉपस्पिन दर वेळी हुबेहूब तोच, हजार वेळा सोडवलेल्या गणितासारखा. क्लासची पोरं गॅलरीत दाटीवाटीनं बसलेली. आपल्या सरांचं कधी चुकत नाही यावर त्यांचं सगळं भवितव्य उभं होतं.

सामन्याआधी समोरच्यानं मागितली तर बॅट दाखवावी लागते. सरांनी मागितली. लाल बाजूच्या दाण्यांवर त्यांनी अंगठा फिरवला, नखानं खरवडलं, उजेडाकडं धरून पाहिलं आणि अतिशय नम्रपणे जाहीर केलं की या रबराला काहीतरी केलेलं आहे. हे तापवलेलं असणार. असल्या रबरापुढं कुणीही जिंकेल, मग खेळाला अर्थ काय? गॅलरीतून हुर्यो झाली. अण्णा माझ्या कानाशी आले.

"साधी बॅट घे कुणाची तरी. न्हाई तर तुझ्या जागी मी राखीवला उभा करून राहिलो."

"अण्णा, ह्याच बॅटनं खेळीन," मी म्हणालो. "न्हाई तर ह्या टेबलावर मांडी घालून बसेन. मग उचलायला लातूरची माणसं लागतील, कारण नांदेडची हसून राहिलीत."

डॉक्टर खरंच हसत होता. अण्णा हसले नाहीत, पण हललेही नाहीत.

मग मी सरांकडं वळलो. "सर, जादू बॅटमध्ये असंल तर ती तुमच्या हातातच हाय. घ्या. तुम्ही हिच्या लाल बाजूनं खेळा, मी तुमच्या बॅटनं खेळतो. पाच चेंडू. तुम्ही जिंकलात तर मी गुण लिहायला बसतो."

पोरांसमोर सरांना नाही म्हणता येईना. मी त्यांच्या मऊ, गुळगुळीत बॅटनं साधा चेंडू दिला. सरांनी नेहमीचा टॉपस्पिन काढला. रबरानं चेंडू धरलाच नाही. तो जाळीच्या बुडाशी गेला. दुसरा त्यांनी हलकेच ढकलला. तो असा वर उडाला की पंख्यानं तो टोलवला. तिसरा पहिल्या रांगेतल्या एका काकांच्या चहात पडला. काकांनी तो चहातून काढून पुसून परत दिला, त्याच्यावर मी कुणाला विश्वास ठेवायला सांगत नाही, पण तो पुढं चहाचा वास देत होता. चौथ्याला सरांनी स्वतःच बॅट खाली ठेवली. शहाणा माणूस. मान एकदा माझ्याकडं, एकदा पंचांकडं हलवून बॅट कबूल केली.

आणि सामना सुरू झाला.

मी टेबलापासून मागं गेलो. खुर्च्या हलवाव्या लागल्या. ते मारत राहिले, मी परत करत राहिलो. त्यांची फिरकी वाढली की माझ्याकडून जाणारी वाढायची, त्यांना पुढचा चेंडू जमिनीतून गाजर उपटावं तसा उचलावा लागायचा. मध्येच मी घाम पुसायच्या निमित्तानं हातात बॅट फिरवून काळी, गुळगुळीत बाजू पुढं आणायचो. तोच हात, तोच चॉप, पण चेंडू वेगळाच. सरांच्या कपाळावर पहिल्यांदा एक केस जागा सोडून खाली आला. एका रॅलीच्या सुरुवातीला बाहेरच्या रस्त्यावर वरात आली, थांबली, नाचली, नवरदेवाचा फेटा सुटला, पुन्हा बांधला, वरात गेली, आणि चेंडू अजून चालूच होता. गॅलरीतली पोरं आधी ओरडत होती, मग गप्प झाली, मग त्यांतली काही माझ्या बाजूनं ओरडायला लागली. क्लासमध्ये पुढच्या दिवशी त्यांचं काय झालं असेल कुणास ठाऊक.

पाचव्या गेममध्ये दहा-दहा, म्हणजे ड्यूस झाला. आणि मी हरलो.

हो, हरलो. मी जिंकलो असं क्लबात जे कोणी सांगतात त्यांना ते मीच सांगितलेलं आहे, पण इथं लिहून ठेवायचं म्हणून खरं सांगतो. शेवटचा चेंडू टेबलाच्या कडेला लागून पडला, सरांचा होता, माझ्यापासून कोसभर लांब. मी पोचलो होतो, पण उशिरा.

अण्णांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्यानंतर डॉक्टरनं त्यांच्या दुसऱ्या खेळाडूला झटपट उरकलं. बरोबरी. मग डबल्स. सर टेबलाशी आले, चेंडू आला, त्यांनी हात मागं घेतला आणि तो तिथंच राहिला. डाव्या हातानं त्यांनी उजवा खांदा धरला. मला ते धरणं ओळखीचं होतं. डबल्स आम्ही घेतली. पुढं डॉक्टर आणि सर समोरासमोर आले तेव्हा डॉक्टरला घाम यायच्या आत संपलं. लातूरमध्ये लातूरला हरवून आम्ही विजेत्यांची ढाल उचलली.

सर भिंतीशी बर्फाची पिशवी खांद्याला लावून बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी सांगितलं की हात वर जात नाहीये.

"खाली येतो ना?" मी विचारलं.

त्यांनी हात खाली आणून पाहिला. मग माझ्या बॅटकडं बघितलं. मी डिंकाचं सांगून टाकलं, पंक्चरचं सोल्युशन चुकूनही लावू नका म्हणून.

परतीच्या वाटेवर अहमदपूरला चहाला थांबलो. अण्णांनी ढाल मांडीवर घेतली होती, तिथं त्यांनी ती बाकावर ठेवली आणि माझ्या बॅगेतून बॅट काढली. विचारलं नाही. दिव्याखाली धरून एकेका दाण्यावर अंगठा दाबत राहिले. मग म्हणाले की झालं ते झालं, पण तू एकटा हरलास हे खरंय, पुढच्या साली जरा पातळ स्पंज तरी लाव. लोक काय म्हणतात ते बघावं लागतं.

मी बॅट त्यांच्या हातातून घेतली, कव्हरमध्ये घातली, चेन लावली.

"अण्णा, स्पंज न्हाई लागणार. माणूस बदलायचा असंल तर आत्ताच सांगा."

अण्णांनी चहाचा घोट घेतला. डॉक्टरनं रस्त्याकडं तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. पुढं लोह्याला अण्णांनी झोपेतच असल्यासारखं विचारलं की जानेवारीत परभणीवाले येणारेत, तुला सुट्टी मिळंल का.